ग्रंथपालांची उन्हाळी शाळा : वाराणसी ते शाळेतील कुलूपबंद कपाट

मे महिन्यात वाराणसीचे तापमान ४० अंशांच्या वर जाते, दुपारी 'लू' वाहू लागते आणि शाळांना सुट्या लागतात. शाळा बंद असतात तेव्हाच शिक्षक आणि ग्रंथपाल यांची शाळा भरते. सेवांतर्गत प्रशिक्षणासाठी हाच काळ आपल्याकडे सोयीचा मानला गेला आहे. काही वर्षांपूर्वी शालेय ग्रंथपालांच्या अशाच एका उन्हाळी कार्यशाळेत ग्रंथालयांच्या अर्थकारणावर बोलण्यासाठी प्रस्तुत लेखक वाराणसीस गेला होता. व्याख्यानात मानवी भांडवल, गुंतवणूक, परतावा असे सर्व काही होते. ते संपल्यावर मागच्या रांगेतील एका ग्रंथपाल भगिनींनी उभे राहून एक साधा प्रश्न विचारला. मुलाला पुस्तक दिले आणि ते हरवले तर भरपाई माझ्याकडून मागितली जाते. पुस्तक दिलेच नाही तर मला कोणी काहीही विचारत नाही. मग मी कपाट उघडावे कशासाठी?

त्या दिवशी या प्रश्नाला माझ्याकडे पुरेसे उत्तर नव्हते. शालेय ग्रंथपालांचे प्रशिक्षण हा विषय स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु कायदा, संघराज्यीय रचना, सार्वजनिक खर्चाची परिणामकारकता आणि प्रोत्साहनांचे अर्थशास्त्र हे चारही धागे त्या एका प्रश्नात गुंतलेले आहेत.

बडोदा, मद्रास आणि काशी

ग्रंथपालास प्रशिक्षणाची गरज असते, हा विचार भारतात प्रथम एका संस्थानात रुजला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१० मध्ये अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना पाचारण केले. पुढील वर्षी, १९११ मध्ये, बडोद्यात देशातील पहिला ग्रंथपालन प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. पेट्यांतून गावोगाव जाणारी फिरती ग्रंथालये ही त्याच योजनेची दुसरी बाजू होती. पुस्तके पोहोचवणे आणि ती हाताळणारी माणसे घडवणे ही दोन कामे बडोद्याने एकत्र केली. नंतरच्या अनेक योजनांमध्ये त्यांची फारकत झाली.

'उन्हाळी वर्ग' या कल्पनेचे श्रेय मात्र मद्रासला द्यावे लागते. मद्रास ग्रंथालय संघाने १९२९ मध्ये ग्रंथालयशास्त्राचा उन्हाळी वर्ग सुरू केला, १९३१ मध्ये मद्रास विद्यापीठाने तो आपल्याकडे घेतला आणि १९३७ मध्ये त्याचे रूपांतर वर्षभराच्या पदविका अभ्यासक्रमात झाले. या उपक्रमामागे डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन होते. गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथरूपाने मांडले व १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. शाळा व महाविद्यालयांच्या ग्रंथालयांवर त्यांनी १९४२ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले, ही गोष्ट परीक्षार्थींच्या टिपणांत सहसा आढळत नाही. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, देशात ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

रंगनाथन १९४५ मध्ये काशी हिंदू विद्यापीठात ग्रंथपाल व ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम १९४१ मध्येच सुरू झालेला होता. पुढील दोन वर्षांत रंगनाथन यांनी सुमारे एक लाख ग्रंथांच्या वर्गीकरणाचे काम जवळजवळ एकहाती केले आणि १९४७ मध्ये ते दिल्लीस गेले.

मराठी वाचकाला या ग्रंथालयाविषयी विशेष आपुलकी वाटावी अशी कारणे आहेत. त्याचा आरंभ १९१७ मध्ये प्रा. पां. का. तेलंग यांनी आपले वडील न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या स्मरणार्थ दिलेल्या ग्रंथसंग्रहातून झाला. न्या. तेलंग हे मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू होते. हा संग्रह प्रथम कमच्छा येथील सेंट्रल हिंदू कॉलेजमध्ये ठेवण्यात आला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियम ग्रंथालयाच्या धर्तीवरील आजची भव्य वास्तू १९४१ पासून वापरात आली. तिच्यासाठी देणगी दिली ती सयाजीरावांनीच, म्हणून तिला त्यांचे नाव आहे. पंडित मदनमोहन मालवीय १९३१ मध्ये गोलमेज परिषदेहून परतल्यावर त्यांच्या मनात ही कल्पना आली होती. कमच्छाच्या ज्या आवारात विद्यापीठाचे ग्रंथालय जन्मले, तेथे आज विद्यापीठाची शाळा भरते.

इतक्या समृद्ध परंपरेच्या शहरातही शाळेतील ग्रंथपालास 'कपाट उघडावे कशासाठी' असा प्रश्न पडावा, हे विसंगत वाटते खरे. या विसंगतीचे मूळ आपल्या व्यवस्थेच्या रचनेत आहे.

कायद्याने ग्रंथालय दिले, ग्रंथपाल नाही

माध्यमिक शिक्षण आयोगाने (मुदलियार आयोग, १९५२-५३) प्रत्येक माध्यमिक शाळेत प्रशिक्षित ग्रंथपाल असावा, अशी शिफारस केली होती. पुस्तकांची आवड आणि विद्यार्थ्यांच्या रुचीची जाण, अशा दोन्ही गोष्टी त्याच्याजवळ असाव्यात असे आयोगाचे म्हणणे होते. ग्रंथालयाच्या कामाची मूलतत्त्वे सर्वच शिक्षकांना अध्यापक महाविद्यालयांत आणि उजळणी वर्गांतून शिकवावीत, असेही आयोगाने सुचवले. म्हणजे सात दशकांपूर्वीच प्रशिक्षणाची व्याप्ती ग्रंथपालापुरती मर्यादित न ठेवता शिक्षकांपर्यंत नेण्याचा विचार झाला होता.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके, सर्व विषयांवरील पुस्तके व गोष्टींची पुस्तके असतील, अशी तरतूद आहे. त्याच अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, विद्यार्थिसंख्या शंभराहून अधिक असल्यास, कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांकरिता अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. ग्रंथपालाचा उल्लेख त्यात नाही. कायद्याने वस्तूची हमी दिली, ती चालवणाऱ्या माणसाची दिली नाही. प्राथमिक शाळेत हे काम एखाद्या शिक्षकाकडे 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून येते. महाराष्ट्रातील खासगी माध्यमिक शाळांत ग्रंथपालाचे पद विद्यार्थिसंख्येवर अवलंबून असते. मोठ्या शाळेस पूर्णवेळ, मध्यम आकाराच्या शाळेस अर्धवेळ आणि लहान शाळेस पदच नाही. ग्रामीण भागातील शाळा बहुधा लहान असतात, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

संघराज्यीय रचनेमुळे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. राज्याच्या नियंत्रणाखालील ग्रंथालये हा सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीचा विषय (नोंद १२) आहे. शिक्षण हा विषय ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) समवर्ती सूचीत गेला. काशी हिंदू विद्यापीठ तर संघ सूचीच्या ६३ व्या नोंदीत नावानिशी आहे. शालेय ग्रंथालय राज्यांच्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यांच्या कक्षेत सहसा येत नाही आणि शिक्षण खात्याच्या दृष्टीने ते शाळेच्या अनेक खोल्यांपैकी एक असते. परिणामी त्याची जबाबदारी स्पष्टपणे कोणा एकावर पडत नाही.

निधीचा मार्ग मात्र उपलब्ध आहे. समग्र शिक्षा (२०१८-१९ पासून) या योजनेत शाळेच्या स्तरानुसार ५,००० ते २०,००० रुपये वार्षिक ग्रंथालय अनुदानाची तरतूद करण्यात आली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तासांचे निरंतर व्यावसायिक प्रशिक्षण घ्यावे अशी अपेक्षा आहे, तर ग्रंथालयांसाठी पुरेसे कर्मचारी, त्यांच्या बढतीचे मार्ग आणि त्यांचे व्यावसायिक प्रशिक्षण यांचाही उल्लेख आहे.

पूरक आदाने : पुस्तक आणि माणूस

अर्थशास्त्रात दोन आदाने परस्परपूरक असतील तर त्यांपैकी एकच वाढवत गेल्याने उत्पादन फारसे वाढत नाही. ट्रॅक्टर आहेत पण चालक नाहीत, अशी ती स्थिती होय. पुस्तक आणि ग्रंथपाल ही तशीच जोडी आहे. अनुदानातून पुस्तके येतात, दाखल नोंदवहीत त्यांची नोंद होते, शिक्का उमटतो आणि ती कपाटात जातात. खर्चाचे उद्दिष्ट कागदोपत्री साध्य होते.

या संदर्भात कर्नाटकातील एका प्रयोगाचे निष्कर्ष उद्‌बोधक आहेत. इव्हन बोर्कम, फँग ही आणि ली लिंडन यांनी तेथील शालेय ग्रंथालय कार्यक्रमाचा यादृच्छिक चाचणी पद्धतीने अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १६ महिन्यांनंतर घेतलेल्या भाषिक कौशल्यांच्या चाचणीत एकूण परिणाम शून्य आढळला. ज्या शाळांत स्वतंत्र ग्रंथालय होते तेथे परिणाम दिसला नाही आणि जेथे ग्रंथपाल शाळांना भेट देत तेथे गुण घटल्याचे दिसले. दुसरीकडे, फिलिपिन्समधील एका कार्यक्रमात मुलांच्या वयाला साजेशी पुस्तके पुरवली गेली, ती वर्गात कशी वापरावीत याचे शिक्षकांना प्रशिक्षण दिले गेले आणि ३१ दिवस नेटाने वाचन करवून घेण्यात आले. तेथे वाचनाच्या गुणांत ०.१३ प्रमाण विचलनाइतकी वाढ नोंदली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाच्या लेखकांतही लिंडन होते.

या दोन अभ्यासांची थेट तुलना करणे धाडसाचे ठरेल. देश वेगळे, कालावधी वेगळा, शाळेचे दिवसाचे वेळापत्रक वेगळे. ग्रंथालयांवरील खर्च वाया जातो असा निष्कर्ष कर्नाटकाच्या अभ्यासातून काढणेही घाईचे होईल, कारण वाचनाचे सर्व लाभ भाषेच्या एका चाचणीत मोजता येत नाहीत. पण प्रशिक्षणाची योजना आखणाऱ्यांनी ग्रंथालयाला दैनंदिन अध्यापनाशी जोडण्याचे कौशल्य वर्गीकरणाच्या कौशल्याहून महत्त्वाचे मानावे, इतका बोध त्यातून निश्चित होतो. आपल्या अनेक कार्यशाळांचा बहुतांश वेळ वर्गीकरण, तालिकीकरण आणि संगणकप्रणाली यांवर जातो. कोहा किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय या प्रणाली उपयुक्त आहेतच. दोन हजार पुस्तकांच्या शाळेत मात्र पुस्तक सापडत नाही ही अडचण क्वचितच असते. अडचण असते ती ते मागणारा विद्यार्थी तयार करण्याची.

हरवलेल्या पुस्तकाचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. केंद्र शासनाच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत (२०१७ च्या आवृत्तीतील नियम २१५, पूर्वीच्या २००५ च्या आवृत्तीतील नियम १९४) ग्रंथालयातील पुस्तकांच्या पडताळणीची स्वतंत्र तरतूद आहे. २०,००० पर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयात दरवर्षी संपूर्ण पडताळणी, २०,००० ते ५०,००० ग्रंथांसाठी तीन वर्षांतून किमान एकदा संपूर्ण पडताळणी आणि त्याहून मोठ्या ग्रंथालयात तीन वर्षांपेक्षा अधिक अंतर न ठेवता नमुना पडताळणी करावी, असे हा नियम सांगतो. त्याच नियमात पुढे असेही म्हटले आहे की, वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा संदर्भासाठी वापरलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे वाजवी समजता येईल. अर्थात अप्रामाणिकपणा किंवा हयगय हे त्याचे कारण नसावे. एक हजार रुपयांहून अधिक किमतीचा ग्रंथ, तसेच कोणत्याही किमतीचा दुर्मीळ ग्रंथ हरवल्यास मात्र चौकशी करावीच लागते.

या तरतुदीतील गणित लक्षपूर्वक पाहावे. ८०० विद्यार्थ्यांच्या शाळेत प्रत्येकाने वर्षाला सरासरी दहा पुस्तके नेली तर ८,००० देवघेवी होतात आणि ४० पुस्तकांपर्यंतची हानी वाजवी मर्यादेत बसते. त्याच शाळेत कपाट बंद ठेवून वर्षभरात जेमतेम २०० देवघेवी झाल्या, तर ही मर्यादा एका पुस्तकावर येते. सवलत संग्रहाच्या आकारावर नसून वापरावर ठरते. म्हणजे कपाट उघडे ठेवणाऱ्या ग्रंथपालाच्या बाजूने नियम उभा आहे. शाळा-शाळांतील समज याच्या नेमका उलट आहे, आणि हा समज बदलण्यास कार्यशाळेतील दोन तास पुरेसे आहेत. हे नियम केंद्र शासनाची कार्यालये आणि स्वतःचे वेगळे मंजूर वित्तीय नियम नसलेल्या केंद्रीय स्वायत्त संस्था यांना लागू होतात. राज्यांच्या अखत्यारीतील शाळांना त्या त्या राज्याचे नियम पाहावे लागतात.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर हा असममित प्रोत्साहनाचा प्रश्न आहे. पुस्तक वाचले गेल्याचा लाभ मुलाला आणि समाजाला मिळतो, हरवल्याचा तोटा एका कर्मचाऱ्याला सोसावा लागतो. अशा स्थितीत कुलूप लावणारी व्यक्ती आळशी किंवा अनास्थ नसते, ती तर्कशुद्ध वागत असते. तिला वाचनसंस्कृतीवर व्याख्यान देऊन काही साधत नाही. माझे त्या दिवशीचे व्याख्यान नेमके त्याच जातीचे होते, हे कबूल केले पाहिजे.

उन्हाळाच का, आणि खर्च कोणाचा?

शिक्षक आठवडाभर प्रशिक्षणास गेला तर त्याचे तास सहकारी घेतात. ग्रंथपाल शाळेत एकटाच असतो, त्यामुळे तो गेला की ग्रंथालय बंद होते. म्हणून त्याच्या बाबतीत सत्रकाळातील प्रशिक्षणाचा वैकल्पिक खर्च मोठा असतो आणि उन्हाळ्यात तो विद्यार्थ्यांच्या दृष्टीने नाहीसा होतो. शिवाय वसतिगृहे व वर्ग रिकामे असतात, म्हणजे पडून असलेली क्षमता वापरली जाते. परंतु खर्च नाहीसा होत नाही, तो केवळ स्थलांतरित होतो. तो ग्रंथपालाच्या सुटीवर पडतो. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ मध्ये सुटीच्या विभागातील कर्मचाऱ्यास सुटीपासून वंचित राहावे लागल्यास त्या प्रमाणात अर्जित रजा देण्याची तरतूद आहे ती यामुळेच. अस्थायी किंवा कंत्राटी ग्रंथपालास ही भरपाई बहुधा मिळत नाही.

उन्हाळ्याचा दुसरा तोटा शैक्षणिक स्वरूपाचा आहे. कार्यशाळेत मुले नसतात. गोष्ट कशी सांगावी, हे ग्रंथपाल एकमेकांना गोष्टी सांगून शिकतात. मोठ्यांचा श्रोतृवर्ग फारच समजूतदार असतो! तिसरीतील पन्नास मुलांपुढे उभे राहिल्यावर खरी परीक्षा होते, आणि तोपर्यंत मार्गदर्शक आपापल्या गावी गेलेले असतात. आणखी एक विरोधाभास असा की, मुलांना वाचनासाठी सर्वाधिक मोकळा वेळ असतो तेव्हाच शाळेचे ग्रंथालय बंद असते.

खर्च कोणी करावा, याविषयी गॅरी बेकर (नोबेल, १९९२) यांनी केलेले सामान्य व विशिष्ट प्रशिक्षण असे वर्गीकरण उपयोगी पडते. जे कौशल्य कोणत्याही संस्थेत चालते, त्याचा खर्च करण्यास मालक नाखूश असतो, कारण प्रशिक्षित व्यक्ती अन्यत्र जाऊ शकते. वर्गीकरण व संगणकप्रणाली ही अशी सामान्य कौशल्ये होत. आपल्या शाळेचा संग्रह, तेथील मुलांची बोली आणि शिक्षकांच्या गरजा यांची जाण हे विशिष्ट ज्ञान आहे. पहिल्याचा खर्च शासनाने किंवा विद्यापीठाने उचलणे योग्य ठरते. दुसरे वाराणसीत शिकवताच येत नाही, ते शाळेतच घडते.

वेतनश्रेणीशी जोडलेल्या प्रशिक्षणाबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. केंद्रीय विद्यालयांत, तसेच महाराष्ट्रातील शाळांतही, १२ व २४ वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ व निवड श्रेणीसाठी सेवांतर्गत प्रशिक्षणाची अट राहिली आहे. त्यामुळे उपस्थिती निश्चित होते, हा लाभ आहे. पण मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या संकेत सिद्धांताच्या भाषेत बोलायचे तर प्रमाणपत्र हाच हेतू झाला की शिकणे दुय्यम ठरते. शेवटच्या दिवशी दुपारी प्रमाणपत्रांचे वाटप झाल्यावर चर्चासत्र ठेवून पाहावे, म्हणजे याचा प्रत्यय येतो.

यातून मार्ग काढता येतो. कार्यशाळा उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांची करावी आणि उरलेले दिवस शाळा सुरू असताना, ऑक्टोबरच्या सुमारास, प्रत्यक्ष मुलांसमवेत घ्यावेत. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने आठवड्यातून एक तास ग्रंथालयातील वाचनासाठी सुचवला होता. तो तास विषयशिक्षक आणि ग्रंथपाल यांनी मिळून कसा घ्यावा, याचा सराव उन्हाळ्यात करून काही हाती लागत नाही. २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेले भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय किंवा २०१७ पासूनचे दीक्षा हे व्यासपीठ अशा पाठपुराव्यासाठी वापरता येईल. मात्र त्यासाठी शाळेतील संगणक ग्रंथालयाच्या खोलीत असावा लागतो, मुख्याध्यापकांच्या कार्यालयात नव्हे.

वाराणसीतील त्या कार्यशाळेत दुसऱ्या दिवशी वित्तीय नियमांची प्रत मागवून तो नियम मोठ्याने वाचण्यात आला. उपस्थितांपैकी अनेकांनी नियमाचा क्रमांक वहीत टिपून घेतला. प्रश्न विचारणाऱ्या भगिनींनीही टिपला, पण त्या म्हणाल्या की, हरवलेल्या पुस्तकाच्या निर्लेखनाच्या प्रस्तावावर सही मी करत नाही, प्राचार्य करतात. त्यांनी हा नियम वाचलेला नाही. संयोजकांनी पुढील वेळी किमान एक दिवस प्राचार्यांनाही बोलावण्याचे मान्य केले. अडचण एवढीच होती की, कार्यशाळा संपते त्याच आठवड्यात शाळांतील प्रवेशाची कामे सुरू होतात.